बाहीवरचा खडू

त्या दिवशी स्टेडियमच्या व्यायामशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांच्या कट्ट्यांवर माणसं, तलावावरची पोरं ओल्या केसांनी तशीच आलेली, आणि मधोमध उभा आमचा वजनवाला. दीडशे किलो डोक्यावर धरून फोटोसाठी हसणारा गडी. उजवा हात खांद्याच्या रेषेत बाजूला पसरलेला, डाव्या मुठीत पावाचा एक तुकडा.

"धरा घट्ट," सर म्हणाले आणि दोन बोटांनी त्याचा हात खाली दाबला.

हात पडला. ओल्या टॉवेलसारखा पडला.

"आईशप्पथ!" वजनवाला स्वतःच ओरडला.

सरांनी पाव काढून घेतला, त्याच्या मुठीत एक छोटी डबी ठेवली. "आता?" पुन्हा दाबलं. हात लोखंडी दांड्यासारखा जागच्या जागी. टाळ्या, शिट्ट्या. कोणीतरी म्हणालं, "बघ, बघ, अंगावर काटा आला."

"तोंड खोटं बोलतं," सर गर्दीकडे वळून म्हणाले. "रिपोर्ट खोटा निघतो. मशीन बिघडतं. पण स्नायू? स्नायू कधी खोटं बोलत नाही. तुमच्या एकेका पेशीला सगळं ठाऊक आहे. आपण तिला विचारतच नाही, एवढंच!"

मी मागे स्टुलावर उभी राहून टाळ्या वाजवत होते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे शहाणपणाचा आव आणतेय असं वाटायचं. माझ्या गुडघ्याचं उत्तरही सरांनी माझ्या हातालाच विचारलं होतं, आणि मी दीड महिना त्यांची 'समतोल' पावडर कोमट पाण्यातून घेत होते. चव भिंतीच्या पोपड्यासारखी.

प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली एक लांबट खोली आहे, तिथे मी खेळाडूंचे कपडे शिवते, उसवते, बेतते. शाळा आठवीत सुटली. पुढचं शिक्षण शिलाई मशीनच्या पुस्तिकेतून आणि लोक पायऱ्यांवर टाकून जातात त्या वर्तमानपत्रांतून झालं. सगळं स्टेडियम मला मावशी म्हणतं. टिटवीची मात्र मी खरी मावशी, तिच्या आईची धाकटी बहीण. पळण्यासाठी म्हणून ती चौदाव्या वर्षी माझ्याकडे राहायला आली, आता एकोणीसची आहे. पाय एवढे लांब, की पळताना आधी पाय दिसतात आणि मग मुलगी. शिवाय आवाज. म्हणून टिटवी.

ती पंधराशे मीटर पळते. तिचा त्रास असा की वेगानं पळलं की शेवटच्या फेरीत छाती आवळायची, मग पंधरा मिनिटं कोरडा खोकला. थंड हवेत जास्त. कधी पोटात कळ, कधी दंडावर पुरळ. समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी तिला दोनदा जिन्यावरून पळवलं, नळीत फुंकायला लावलं आणि सांगितलं, "पळताना श्वासनळ्या आकसतात तुझ्या. हा पंप. पळायच्या आधी घ्यायचा. कायम बॅगेत हवा."

पंपानं फरक पडला. पण पोरी हसल्या. "आली आजी पंप मारत!" एकोणीस वर्षांच्या मुलीला दमापेक्षा हसू जास्त लागतं. पंप मागे पडला आणि प्रयोग सुरू झाले. फोनवर वाचून मॅग्नेशियम, मैत्रिणीनं सांगितलं म्हणून माशाचं तेल, कोणा विजेत्याची मुलाखत ऐकून बिटाची पावडर, पोटासाठी कसले तरी चांगले जंतू. वही होती तिची, मोठी नीटस वही. सोमवारी चार गोष्टी सुरू, बुधवारी त्यातल्या दोन बंद, शुक्रवारी एक नवी. मी म्हटलं, "कळतं तरी कसं ग, कशानं काय झालं?" तर म्हणाली, "तुला नाही कळायचं, मावशी."

आणि अशा वेळी हात दाबून निदान करणारे हे सर स्टेडियमवर आले. त्यांच्याकडे काळी पेटी होती, पेटीत बोटाएवढ्या काचेच्या बंद कुप्या. एकीत गहू, एकीत दूध, एकीत अंड्याची भुकटी. कुपी मुठीत धरायची, दुसरा हात पसरायचा, सर दाबणार. टिटवीचा हात गव्हाला पडला. दुधाला पडला. अंड्याला, शेंगदाण्याला, टोमॅटोला पडला. मग तिनं विचारलं, "सर, हा पंप?" पंपाला तर हात असा पडला की सरांनी डोळेच मिटले.

"पोरी, हे विष तू छातीत ओढत होतीस?"

ताठ राहिला तो एकाच डबीला. डबी कोणाची, ते सांगायला नको.

आमचे कोच माणूस वाईट नाहीत. तरुणपणी पाव सेकंदानं त्यांची संघातली जागा हुकली, आणि तेव्हापासून ते त्या पाव सेकंदाला शोधतायत. बुटात शोधून झालं, उशीत शोधून झालं. सरांनी सांगितलं, "त्या दिवशी तुम्ही सकाळी टोमॅटो खाल्ला असणार." कोचना आठवलं, खाल्ला होता! डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. झालं. सगळ्या पोरांना सरांकडे जायचा हुकूम निघाला.

पहिले दोन आठवडे टिटवी खरंच बरी पळाली. मीच शेजारणींना सांगत सुटले. तिसऱ्या आठवड्यात तिची चड्डी कमरेला आत घेतली. पाचव्यात पुन्हा घेतली. टेप खोटं बोलत नाही असं म्हणायचा मोह होतो, पण ओढून धरला तर टेपही बोलतो. म्हणून सैल धरून दोनदा मापलं. कंबर दोन इंच गेली होती. वेळ मात्र वाढत चालली होती.

"विष बाहेर पडतंय," सर म्हणाले. "उत्तम लक्षण!" आणि भातही बंद केला.

म्हणजे बरं वाटलं तर पावडरीचा गुण, वाईट वाटलं तर विषाची पळापळ. असा खेळ मी तरी ट्रॅकवर पाहिला नव्हता, ज्यात एक माणूस सुरुवातीपासून दोन्ही लेनमध्ये पहिला.

"चार घास भात खा ग," मी एका संध्याकाळी म्हटलं.

"मावशी, प्लीज. निवड चाचणीला तीन आठवडे राहिलेत."

"तेवढे दिवस अंगात जीव राहायला हवा ना?"

"तू नको सुरू करूस. एवढं कोणी माझ्याकडे लक्ष दिलंय का आजवर? सर तास तास बसतात माझ्यासाठी. डॉक्टरबाईंनी पाच मिनिटं दिली."

 खरंच होतं ते. पाच मिनिटांच्या खऱ्यापेक्षा तासाभराचं खोटं उबदार लागतं. मी ताट उचललं आणि मोरीत आदळलं.

दोन दिवसांनी सरावाची शर्यत होती. सकाळ गारठलेली. तिसऱ्या फेरीत वळणापाशी टिटवीचे लांब पाय एकमेकांत अडकल्यासारखे झाले. ती बसली, मग आडवी झाली. मी पायऱ्या उतरून पोचले तेव्हा तिच्या ओठांचा रंग मला ओळखू येईना. श्वासाला शिट्टीचा आवाज. बॅग उलटी केली. पावडरीच्या तीन डब्या निघाल्या. पंप नाही. वजनवाल्यानं तिला उशीसारखं उचललं आणि रस्ता ओलांडून दवाखान्यात नेलं.

तासाभरानं तोंडावरचा मास्क निघाला. डॉक्टरबाई खुर्ची ओढून बसल्या.

"पंप कोणी बंद केला?"

"माझ्या हातानं," टिटवी म्हणाली.

"म्हणजे?"

"हात पडला ना माझा."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीच्या फरश्या पाहिल्या. मग बाकीचं निघालं. रक्तात लोह तळाला गेलेलं, पाळी दोनदा चुकलेली आणि हे पोरीनं मला सांगितलेलं नाही. "ही मुलगी उपाशी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि पंपाशिवाय पुन्हा अशी पळाली, तर दर वेळी समोर दवाखाना असेलच असं नाही."

वाटलं, सुटलो. कसलं काय! दुसऱ्या दिवशी कोच तिला पुन्हा सरांकडे घेऊन गेले. सरांनी हात दाबून निदान केलं, की मागे ओढलेलं पंपाचं विष एकदम उसळलं, म्हणून ती पडली.

मी इतकी संतापले की मशीनमध्ये सुई मोडली. आणि रागारागानं जे काम हातात आलं, ते टिटवीचं निळं जाकीट. बाह्या कमी करायच्या होत्या. कोपरावर ठिगळ लावायचं म्हणून तिथे आणि मनगटाशी कापायचं म्हणून तिथे, अशा दोन जाड पांढऱ्या रेघा मी आदल्या दिवशी खडूनं मारल्या होत्या. घाईत पोरगी तेच घालून सरांकडे गेली होती.

उजव्या बाहीवरच्या दोन्ही रेघा पुसटल्या होत्या. कोपराशी तळव्याचा रुंद फराटा. मनगटाशी दोन बोटांचे ठसे, स्पष्ट, नखासकट.

पंचवीस वर्षं मी कापडावरचे डाग वाचते आहे. चहाचा कुठला, तेलाचा कुठला, रडून पुसलेल्या नाकाचा कुठला. मी ती बाही मांडीवर घेऊन बसले. दाबायचा एकच हात, दाबायचं एकाच पद्धतीनं, बदलते ती फक्त मुठीतली कुपी. मग ठसे दोन जागी कसे?

दुसऱ्या सकाळी पुन्हा गर्दीत जाऊन उभी राहिले. आजवर मीही सगळ्यांसारखी पडणाऱ्या हाताकडे आणि त्या माणसाच्या तोंडाकडे पाहत होते. या वेळी सरांच्या बोटांखेरीज काही पाहिलं नाही. गव्हाची कुपी, दाब मनगटावर, चटकन, समोरच्यानं दम धरायच्या आत. पावडरीची डबी, आधी "तयार?", मग दाब कोपरापाशी, सावकाश. अकरा माणसं पाहिली. अकरा वेळा तेच.

घरी टिटवीला म्हटलं, "हात पसर." कोपराशी दाबला, राहिला. मनगटाशी दाबला, पडला.

"मुठीत काय होतं तुझ्या?"

"काही नाही."

"मग पेशी कोणाला घाबरली?"

"तू मुद्दाम केलंस!" ती उसळली. "सर मुद्दाम करत नाहीत. ते स्वतः घेतात ती पावडर. तुला सगळे लबाडच वाटणार. तुला वाटतं मी मूर्ख आहे!"

"मीही दीड महिना प्यायले ग ती. मूर्ख असू तर दोघी आहोत."

ती हसली नाही. पण तिनं पुन्हा हात पसरला आणि दुसऱ्या हातानं स्वतःच दाबून पाहिला. मग म्हणाली, "ठीक आहे. घे परीक्षा. सर खरे निघाले तर चाचणीपर्यंत जेवणाबद्दल आणि पंपाबद्दल अवाक्षर काढायचं नाहीस."

 हरले तर पोरगी पंपाशिवाय चाचणी पळणार होती. पण 'हो' म्हटलं. दुसरा रस्ता नव्हता.

अस्तराच्या राखाडी कापडाच्या दहा पिशव्या शिवल्या, सगळ्या एका मापाच्या. पाचांत गव्हाचं पीठ, पाचांत सरांची पावडर, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून सारखी. तोंडं शिवून टाकली. मग त्या दिल्या वेळवाले आजोबांकडे. तीस वर्षं शर्यतींची घड्याळं धरणारा माणूस, सख्ख्या नातवालाही सेकंदाचा शंभरावा भाग माफ न करणारा. त्यांनी बंद खोलीत पिशव्या ढवळल्या आणि वर आकडे चिकटवले. कोणत्या आकड्यात काय, ते आता ना मला ठाऊक, ना आजोबांना, ना कोणाला. शिवण उसवल्यावरच कळणार.

व्यायामशाळा पुन्हा भरली. सर पिशव्या पाहून हसले. "मावशी, जिथे शंका असते तिथे ऊर्जा अडते."

"अहो सर, काचेतून जाते ती कापडात कशी अडेल?" मी म्हटलं. "पोलिस्टर आहे, एवढं काही जाड नाही."

"आणि सर," वजनवाला मागून म्हणाला, "पेशीला सगळं ठाऊक आहे म्हणाला होतात ना? मग विचारा की."

गर्दी आता मजा बघायला आतुर. सरांना माघार घेता येईना. टिटवी हात पसरून उभी राहिली, मुठीत पहिली पिशवी. सरांनी पिशवीकडे पाहिलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. कोणाच्याच चेहऱ्यावर उत्तर नव्हतं. बोटं मनगट आणि कोपराच्या मध्ये कुठेतरी घुटमळली. मला तेव्हा पहिल्यांदा त्यांची कीव आली. त्या माणसाला खरंच ठाऊक नव्हतं, की आजवर उत्तर तो स्वतःच देत होता.

"पडला. गहू," ते म्हणाले. आजोबांनी लिहिलं. "ताठ. समतोल." लिहिलं. असे दहा.

मग मी शिवणी उसवल्या. पहिली, सरांचा गहू, निघाली हिरवट पावडर. दुसरी बरोबर. तिसरी चूक. सातव्या पिशवीला हात असा ताठ राहिला होता, की सर म्हणाले होते, "याला म्हणतात समतोल!" ती उसवली आणि त्यांच्या काळ्या बुटांवर पांढरंशुभ्र पीठ सांडलं.

वजनवाला खो खो हसत सुटला. आजोबांनी चष्मा सारखा केला. "दहापैकी चार बरोबर. नाणं उडवलं असतं तरी साधारण एवढेच आले असते."

"कापडात दोष आहे," सर म्हणाले.

"कापड दहाही ठिकाणी एकच होतं," आजोबा म्हणाले.

मग मी बाही दाखवली, ठसे दाखवले. म्हटलं, "दार बिजागरीपाशी ढकला, हलत नाही. कडीपाशी एका बोटानं उघडतं. हात म्हणजे दारच, बिजागरी खांद्यात. कोपराशी दाबलं तर राहतो, मनगटाशी दाबलं तर पडतो. त्यात 'तयार?' म्हटलं की आपण दम धरतो, नाही म्हटलं की बेसावध सापडतो. आणि मुठीत विष आहे असं मनात असलं, की अर्धा हात आपणच सोडून देतो. गव्हानं काही केलेलं नाही. सरांनी हे मुद्दाम केलं असेल किंवा नसेलही. म्हणून तर कुपीत काय आहे हे दाबणाऱ्यालाही कळता कामा नये."

वाटलं होतं, आता लोक मला डोक्यावर घेतील. कोच लालबुंद झाले. "चाचणीच्या तोंडावर पोरीचा आत्मविश्वास मोडलात तुम्ही!" तलावावरची एक प्रशिक्षिका म्हणाली, "पण मला गुण आलाय बाई." आणि निम्मी गर्दी सरांच्या मागे बाहेर गेली, खासगीत हात दाबून घ्यायला. पीठ मीच झाडून काढलं. घाम गाळून एखादी गाठ सोडवावी आणि लोकांनी दोरा हातात घेऊन तिथेच पुन्हा गाठ मारावी, तसं वाटलं.

टिटवी सरळ दवाखान्यात गेली आणि पंप घेऊन आली.

तरी चाचणी हुकलीच. डॉक्टरबाईंनी सही द्यायला साफ नकार दिला, म्हणाल्या रक्त भरायला महिने लागतील. चाचणीच्या दिवशी आम्ही दोघी पायऱ्यांवर बसलो. जी पहिली आली तिच्याएवढी वेळ टिटवीनं गेल्या वर्षी दोनदा नोंदवली होती. तिनं ओठ चावला. मला वाटलं, रडेल. ती रागावली.

"मावशी, पण सुरुवातीला बरं वाटलं होतं ना मला? ते काय खोटं होतं?"

"बरं वाटणं खरं होतं. कारण खोटं होतं. तू सरांकडे गेलीस ती सगळ्यात वाईट आठवड्यात. त्यानंतर बरं वाटणारच होतं, कोणाकडेही गेली असतीस तरी. त्या पंधरवड्यात थंडी ओसरली होती. कोचनी दोन दिवस विश्रांती दिली होती. आणि पळायच्या आधीचं ते मोठा पेलाभर दूध बंद झालं, ते कोणाच्याही पोटात ढवळलं असतं. पाच गोष्टी बदलल्या, गुण घेऊन गेली पावडर."

"मग कळणार कसं?"

"माझं मशीन टाका सोडायला लागलं, तर मी सुई, दोरा, ताण सगळं एकदम बदलत नाही. एक बदलते, चार हात शिवून बघते. मग दुसरं."

ती वही घेऊन आली आणि नवं पान काढलं. आता एका वेळी एकच गोष्ट लिहिते. डॉक्टरबाईंनी दिलेलं लोह, पंप, पोटभर जेवण. गव्हाची पोळी पहिल्या आठवड्यात भीतभीत खाल्ली, काही झालं नाही. दंडावरचं पुरळ अजून कधीमधी येतं. कशानं, ते अजून कळलेलं नाही. वहीत तसंच लिहिलंय, 'माहीत नाही'. मला ती ओळ फार आवडते.

सर आता पलीकडच्या भागात, एका पोहण्याच्या तलावावर असतात. जोरात चाललंय म्हणे. परवा तिथून एक बाई तिच्या मुलीचा पोहण्याचा पोशाख सैल करून घ्यायला आली. बोलता बोलता म्हणाली, "हिचा कान सारखा दुखतो. एक सर आहेत, हात दाबून सगळं सांगतात. नेऊ का हो?"

मी तोंड उघडलं होतं, भाषण तयारच असतं माझं. पण कोपऱ्यात बुटांच्या नाड्या बांधणारी टिटवी आधी बोलली.

"आधी कानाच्या डॉक्टरांकडे न्या. त्यानंतरही सरांकडे जावंसं वाटलं, तर जा. फक्त कुपी दुसऱ्याच कोणाला निवडायला सांगा, वर कागद गुंडाळा, आणि तुमच्या मुलीला डोळे मिटायला लावा."

"बरं," बाई म्हणाली.

"आणि सरांनाही लावा," टिटवी म्हणाली. "ते नाही म्हणाले, तर तिथूनच परत फिरा."